अनवाणी दवाखाना

आमच्या रस्त्याच्या मधोमध पांढरी रेघ आहे. ती बेकरीसमोर आली की एक पाऊल डावीकडे सरकते आणि मग पुन्हा सरळ चालू लागते. रंगाऱ्याला दोष देऊ नका, त्या बिचाऱ्यानं सरळच मारली होती. खाली जमिनीला भेग आहे. भेगेचा अलीकडचा काठ एका दिशेला जातो, पलीकडचा दुसऱ्या, वर्षाला नखाएवढा. मधेच कुठेतरी अडकतात, मग सुटतात, आणि सुटताना आम्हाला धक्का बसतो. आठवड्यातून दोन-तीनदा तरी. बाकीच्या जगात पायाखालची जमीन सरकली म्हणतात तेव्हा काहीतरी आक्रीत घडलेलं असतं. आमच्याकडे तेव्हा बाजारातली बाई पाटी एका हातानं सावरते आणि दुसऱ्या हातानं टोमॅटो निवडत राहते.

अशा गावात मी तीस वर्षं कपबशांचं दुकान चालवते आहे. हसा, सगळेच हसतात. पण विचार करा, कपबशा जिथं फुटतात तिथंच विकल्या जाणार ना? दुकानातल्या प्रत्येक वस्तूखाली मेणाचा ठिपका असतो. उचलायची तर आधी थोडी फिरवायची, मग उचलायची. परगावचं गिऱ्हाईक फुलदाणी सरळ वर ओढतं आणि तिच्याबरोबर फळीवरचा कागदही येतो. घरोघरी कपाटांना बाहेरून कड्या, पलंगाच्या वर भिंतीवर काही टांगायचं नाही, उशाशी चपला, आणि चहा अर्धा कप. पूर्ण भरला तर हिंदकळतो आणि हात भाजतो, एवढंच त्यामागचं कारण.

माझ्या सुनेला हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं माझ्या मुलानं, पण त्याला टेकडीवरच्या भूकंपमापन केंद्रातल्या कागदावरच्या रेघा सोडून दुसरं काही दिसेल तर शपथ. सून सपाट मुलखातली. तिथं जमीन एकदा जिथं ठेवली तिथंच राहते. लग्न होऊन आली, आणि तिसऱ्या दिवशी तिनं आईला फोन केला की माणसं चांगली आहेत, पण सासू अर्धाच चहा देते. हे मला तिनंच पुढे महिन्याभरानं सांगितलं, आणि आम्ही दोघी पोट धरून हसलो. त्या दिवशी मला कळलं की ही पोरगी मला आवडते. मुलगा काय, तो आहेच.

सून दातांची डॉक्टर. आमच्या गावात दातांचा डॉक्टर नाही, दोन तास बसनं जावं लागतं, त्यामुळे लोक दात दुखला की आधी लवंग, मग मौन, आणि मग शेवटी बस. सून येतेय म्हटल्यावर सगळ्या गल्लीच्या जबड्याला आशा फुटली. मी दुकानाशेजारची खोली रिकामी केली. खुर्ची आली, ती चार बोल्टांनी फरशीला आवळली, वरचा दिवा आला, पाण्याचा नळ घेतला. पाटी रंगवून झाली. आणि मग तीन महिने त्या खुर्चीवरचं प्लास्टिक काही निघालं नाही.

आधी मला वाटलं, सामान यायचं असेल. मग वाटलं, आळस. मी तोंडाची फटकळ, एकदा विचारलंच. तेव्हा तिनं सांगितलं. कुणाचं तरी तोंड उघडं आहे, तिच्या हातात गरगर फिरणारं ड्रिल आहे, ते दाढेत आहे, आणि जमीन हलली तर? जीभ आहे, गाल आहे, घसा आहे. ती म्हणाली, मला रोज स्वप्न पडतं. मी म्हटलं, अगं काही होत नाही, सवय होते. समोरचा न्हावीही तेच म्हणाला. बेकरीवालाही तेच म्हणाला. मुलानं तर तिला कागद काढून दाखवला की शंभरातले नव्वद धक्के तीन रिश्टरच्या आतले असतात. बायको घाबरली की टक्केवारी सांगणारा नवरा, असा एखादाच निपजतो, आणि तो मी जन्माला घातला.

आमच्या गल्लीची आणखी एक खोड सांगितली पाहिजे. धक्का बसून गेला की प्रत्येकजण आपापल्या दारातून आकडा ओरडतो. न्हावी म्हणतो तीन, बेकरीवाला म्हणतो सव्वातीन, मी म्हणते दोन पॉइंट आठ. मग टेकडीवरून फोन येतो, हल्ली माझ्या मुलाचाच, खरा आकडा कळतो, आणि जो जवळ असेल त्याला बेकरीतली बिस्किटं. पंचवीस वर्षं हा खेळ चालू आहे आणि सगळ्यात जास्त बिस्किटं मी खाल्ली आहेत, दाढेची वाट लागली ती त्यानंच. सून तेव्हा दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून उभी असायची, चेहरा पांढराफटक. आम्ही तिला चिडवायचो. चौकट सोडा डॉक्टरीणबाई, नाहीतर चौकटच पळून जाईल. सगळ्यात मोठ्यानं मीच हसायचे.

मग ते पत्र आलं. तिच्या माहेरच्या शहरातल्या एका इस्पितळात जागा होती. त्यांना उत्तर हवं होतं शनिवारी दुपारपर्यंत. पत्र तिनं माझ्यासमोर टेबलावर ठेवलं, लपवाछपवी तिच्या स्वभावात नाही. म्हणाली, आई, मी अजून ठरवलेलं नाही. मुलगा म्हणाला की ती जाईल तिथं तो जाईल. मी त्याला विचारलं, तिथली जमीन तर हलत नाही, तू तिथं वाचणार काय, कपाळ?

मी तिला राहा म्हटलं नाही. लग्नाआधीच मी स्वतःला बजावलं होतं की त्या जातीची सासू व्हायचं नाही. पण खरं सांगते, ती जायला नको होती मला. माझा नवरा जाऊन सहा वर्षं झाली. सहा वर्षं या घरात दोन माणसं जेवत होती आणि त्यातला एक रेघांचा विचार करत होता. ही आली आणि रेडिओवरून माझ्याशी भांडायला लागली. स्वयंपाकघरातल्या डब्यांना तिनं चिठ्ठ्या लावल्या, त्याही चुकीच्या. घरात आवाज आला. आता तो जाणार म्हटल्यावर मला दुकानातली मेणाची डबी उघडायचंही जिवावर आलं.

सोमवारी मी तडक रस्ता ओलांडून न्हाव्याकडे गेले. त्याला म्हटलं, तुमच्या हातात वस्तरा, गिऱ्हाईकाचा गळा समोर, आणि आजवर एक खरचटल्याची तक्रार नाही. हे कसं जमतं ते माझ्या सुनेला शिकवा. तो म्हणाला, वहिनी, एवढी शिकलेली मुलगी, तिला मी काय शिकवणार? मी म्हटलं, शिकवा, नाहीतर केस कापायला मी दोन तास बसनं जाईन.

मंगळवारी सून त्याच्या दुकानात उभी राहिली. न्हाव्यानं आधी करंगळी दाखवली. करंगळी गिऱ्हाईकाच्या हनुवटीवर टेकवायची, म्हणजे डोकं हललं की हातही बरोबर हलतो. सून म्हणाली, काका, हे आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवतात. न्हावी जरा हिरमुसला. मग त्यानं तिच्या पायांकडे पाहिलं. जाड रबरी तळव्याचे बूट. तो म्हणाला, हे काढा.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की न्हावी दुकानात कायम अनवाणी असतो. तीस वर्षं मी समोर राहते आणि मला वाटायचं, कंजूष आहे. त्यानं सांगितलं की धक्का एकदम येत नाही. आधी टाचेला बारीक मुंग्या येतात, शेजारच्या घरात कुणी कपाट ओढत असावं तशा. त्यानंतर एक श्वास जातो आणि मग झोका येतो. त्या एका श्वासात हात बाजूला घ्यायचा. त्याच्या बापानं त्याला हे शिकवलं होतं, बापाला आजोबानं. इस्त्रीवालाही अनवाणीच काम करतो, चहावालाही. सून म्हणाली, दवाखान्यात अनवाणी? आमच्या सरांनी पाहिलं तर बेशुद्ध पडतील. आणि हत्यार पायावर पडलं तर? न्हावी म्हणाला की त्याच्या हातून वस्तरा एकदाच पडला होता, आणि तोही गिऱ्हाईकाच्या चहात.

दोन दिवस ती तिथं अनवाणी उभी होती. पहिल्या दिवशी तिला सगळंच लागलं. ट्रक गेला, ही म्हणे मुंग्या आल्या. बेकरीतलं कणीक मळायचं यंत्र सुरू झालं, आल्या. वरच्या मजल्यावर कुणी उडी मारली, आल्या. न्हावी मान हलवायचा आणि दाढी करत राहायचा. बुधवारी दुपारी मात्र ती एकदम म्हणाली, काका, थांबा. न्हाव्यानं हात काढला, आणि त्यानंतर बाटल्या किणकिणल्या. न्हावी गल्लीभर सांगत सुटला की तिच्या टाचा त्याच्यापेक्षा सरस आहेत.

एवढं झाल्यावर मला वाटलं, जिंकलो. कसलं काय. आता पहिला रुग्ण हवा होता, आणि आमची शूरवीर गल्ली एकाएकी ठणठणीत झाली. बेकरीवाल्याचा गाल पावासारखा फुगलेला, तरी म्हणे माझा गाल जन्मापासून असाच आहे. न्हाव्याच्या दोन दाढा किडलेल्या, हे सगळ्या गावाला ठाऊक, पण त्याला अचानक लग्नाची गिऱ्हाइकं आली. घरोघरी जाऊन आले मी. सगळ्यांचं एकच म्हणणं, आधी कुणीतरी बसू दे.

आता कुणीतरी म्हणजे कोण? दोन महिने मी उजव्या बाजूनंच चावत होते. झाकली मूठ सव्वा लाखाची असते, झाकली दाढ मात्र ठणकते. पण तिच्यासमोर मी कधी गालाला हात लावला नव्हता, कारण धक्क्याला हसणारी ही बाई दातांच्या खुर्चीला चळाचळा कापते. लहानपणी एकदा बसले होते, ती आठवण नको. गुरुवारी रात्रीच्या जेवणात मी तिला म्हटलं, उद्या सकाळी दहाला माझी वेळ लिहून घे. ती म्हणाली, डावीकडची खालची ना? मी पहिल्या आठवड्यापासून बघतेय.

शुक्रवारी दहाला प्लास्टिक निघालं. तिनं फरशी दोनदा पुसली, पाय धुतले, कोरडे केले आणि त्या गार फरशीवर अनवाणी उभी राहिली. मी खुर्चीत आडवी. डोळ्यांवर दिवा, हात मांड्यांवर घट्ट. तिनं भुलीचं इंजेक्शन दिलं, ओठ नाहीसा झाला. मग ते मशीन सुरू झालं. मला वाटलं तेवढं वाईट नव्हतं, आवाजच जास्त होता. तिची करंगळी माझ्या हनुवटीवर होती. मी छताकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, लवकर संपव गं बाई.

मध्येच तिनं हात काढला. आवाज बंद झाला, ड्रिल तिनं स्टँडला अडकवलंही. मला वाटलं, झालं, सुटले. माझे पाय खुर्चीवर वर होते, मला काहीच कळलं नव्हतं. एक श्वास गेला आणि खुर्ची हलली.

नेहमीचा नव्हता तो. ट्रेमधली हत्यारं खडखडली, दिवा झोके घेऊ लागला. आणि मी जी चूक केली ती तीस वर्षं कपबशा विकणारी बाईच करू शकते. धक्का आला की दुकानात विचार करायला वेळ नसतो. जवळात जवळची जी वस्तू फुटेल अशी वाटते ती दोन्ही हातांनी धरायची आणि छातीशी आवळायची, बाकीच्यांचं काय व्हायचं ते होवो. माझे हात तसेच सुटले आणि त्यांनी सुनेला धरलं. कंबरेला विळखा घालून मी तिला अंगावर ओढून घेतलं, मास्कसकट, चष्म्यासकट. तिचं कपाळ माझ्या हनुवटीवर आदळलं. पाण्याची नळी माझ्या गळ्यात. पलीकडे दुकानात काहीतरी मोठं फुटल्याचा आवाज आला, आणि मी जागची हलले नाही.

मग थांबलं. बाहेर आरोळ्या सुरू झाल्या. चार! नाही, सव्वाचार! न्हाव्यानं रस्त्यापलीकडून हाक मारली, वहिनी, तुमचा आकडा सांगा. माझ्या तोंडातून शब्द फुटेना, आणि त्यात भुलीचा काही दोष नव्हता. माझे हातही सुटेनात.

"आई," ती हळूच म्हणाली, "तुम्ही थरथरताय."

मी कापूस थुंकला. "जमीन थरथरतेय."

"जमीन केव्हाच थांबली."

आता तिच्याशी काय खोटं बोलणार? तोंडही तिच्याच ताब्यात होतं. मी अर्ध्या ओठानं सांगितलं की मला भीती वाटते. प्रत्येक वेळी वाटते. तिनं विचारलं, आणि बाकीच्यांना? मी म्हटलं, सगळ्यांना. न्हावी सगळ्यात आधी ओरडतो कारण ओरडला नाही तर त्याला रडू येतं, त्याच्या बायकोनं मला सांगितलंय. बेकरीवाला धक्का गेला की मागच्या खोलीत जातो आणि पोरांना फोन लावतो. आकड्यांचा खेळ आम्ही उगीच काढलाय का? एकेकट्यानं दारात गप्प उभं राहायला नको, म्हणून काढलाय.

ती खाली फरशीवरच बसली. मास्क खाली ओढला. आधी मला वाटलं ती रडतेय, मग वाटलं हसतेय, दोन्ही होतं.

"मला हे कुणी सांगितलंच नाही," ती म्हणाली. "जमिनीला मी कंटाळले नव्हते, आई. तुम्ही सगळे हसायचात. मला वाटायचं, एवढ्या धीट माणसांत मी एकटीच भित्री, माझं इथं कसं व्हायचं."

आजवर मी नवऱ्याला कधी माझं चुकलं म्हटलं नाही, आणि मुलाला तर नाहीच. तिला म्हटलं. तुला हसायला नको होतं, माझं चुकलं, तू घाबरलेली असताना तुझ्याजवळ येऊन उभं राहायला हवं होतं मी. आणि तू गेलीस तर मला फार वाईट वाटेल, हेही सांगते, मग तुला काय ठरवायचं ते ठरव. एवढं सगळं मी एका बाजूच्या तोंडानं बोलले, लाळ गळत होती. तिनं कापडानं माझी हनुवटी पुसली.

मग ती उठली, हात धुतले, नवे हातमोजे घातले आणि म्हणाली, तोंड उघडा, दाढ अर्धीच झालीय. मी उघडलं. पुढचा अर्धा तास ती दाढ भरत होती आणि मधूनमधून कालच्या रेडिओच्या भांडणात तिचंच कसं बरोबर होतं ते सांगत होती. मला उत्तर देता येत नव्हतं, याचा तिनं पुरेपूर फायदा घेतला.

दोन तास काही चावायचं नाही असं मला बजावून ती दारात गेली आणि तशीच अनवाणी पायरीवर उभी राहिली. न्हावी त्याच्या दारात होता, बेकरीवाला त्याच्या. तिनं न्हाव्याला सांगितलं की काका, उद्या नऊला या, दोन दाढा आहेत. बेकरीवाल्याला सांगितलं, तुम्ही अकराला. दोघेही काहीतरी सबब शोधत होते, तेवढ्यात ती म्हणाली, भीती वाटत असेल तर वाटू द्या, मलाही वाटते. मग न्हावी म्हणाला, येतो.

टेकडीवरून मुलाचा फोन आला की आकडा चार पॉइंट एक होता. मी त्याला म्हटलं, आकडा राहू दे, घरी ये आणि बायकोजवळ बस. तो विचारात पडला, पण आला. दुकानात जाऊन पाहिलं तर वरच्या फळीवरचं सूपाचं मोठं भांडं फुटलं होतं, दुकानातली सगळ्यात देखणी वस्तू. केरसुणी घेतली, तुकडे गोळा केले, आणि मला मुळीच वाईट वाटलं नाही.

शनिवारी नऊला पाच कमी असताना न्हावी आला, चपला दाराबाहेर काढल्या आणि खुर्चीत बसून खरंच म्हणाला की भीती वाटतेय. अकराला बेकरीवाला आला, त्याच्यामागे इस्त्रीवाला, चहावाला आणि शाळेतल्या बाई. बाकं पुरेनात म्हणून मी दुकानातल्या खुर्च्या बाहेर लावल्या आणि सगळ्यांना अर्धा-अर्धा चहा दिला. इस्पितळाला उत्तर द्यायची मुदत दुपारी बारापर्यंत होती. बारा वाजले तेव्हा माझ्या सुनेचा हात बेकरीवाल्याच्या तोंडात होता.